धारण तलाव, भरती आणि गाळ: रहिवासी आणि संशोधकांनी मिळून मोजमाप कसं करावं? (नवी मुंबई)

जलनोंद

पावसाळा जवळ आला की नवी मुंबईत दोन मागण्या एकदमच सुरू होतात. धारण तलावांतला, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तलावांतला गाळ काढा, ही एक. तलावांत वाढलेल्या तिवरांना, म्हणजे खारफुटीला हात लावू नका, ही दुसरी. दोन्ही बाजू कळकळीने बोलतात, पण तलावात नेमकी किती जागा उरली आहे याचा आकडा कुणाच्याच हातात नसतो. मधूनच एखाद्या महाविद्यालयाचा गट येतो, प्रश्नावल्या भरून घेतो, पाण्याच्या बाटल्या भरून नेतो. प्रबंध तयार होतो, पण तो ना सोसायटीपर्यंत पोचतो ना महापालिकेच्या अभियंत्यापर्यंत.

माझं म्हणणं असं की अभ्यास हाती घेण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून दोन्ही पक्षांनी त्याखाली सह्या कराव्यात: या मोजणीवरून कोणता निर्णय, कोण आणि कोणत्या महिन्यापर्यंत घेणार आहे. ‘सेक्टरमधील जलसमस्येचा अभ्यास’ हे ते वाक्य नव्हे. ‘या तलावाची झडप दुरुस्त करायची की गाळ काढायचा, हे विभागाने निविदेआधी ठरवावं’ हे ते वाक्य. एवढं पक्कं झालं की काय मोजायचं, किती अचूक मोजायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्यातूनच निघतं.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. खाडीकाठचे बरेच नोड (शहराचे नियोजित विभाग) खाजणात, म्हणजे खाऱ्या दलदलीत भराव घालून उभे राहिले, आणि मोठ्या भरतीला खाडीची पातळी काही सखल सेक्टरांच्या रस्त्यांच्या बरोबरीला किंवा वर जाते. म्हणून पावसाळी नाले थेट खाडीत न सोडता आधी धारण तलावात सोडले. तलावाच्या तोंडाशी एकतर्फी झडपा, म्हणजे फ्लॅप गेट असतात. भरती चढली की बाहेरच्या दाबाने झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव रिता होतो. खारभूमीच्या बांधावरची उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचं दार) सांभाळलेल्या गावकऱ्यांना यात नवीन काही नाही.

आता हिशेब. समजा तलावाकडे १०० हेक्टरचं पाणी येतं, मोठ्या भरतीमुळे झडप ३ तास बंद आहे आणि तेवढ्या वेळात तासाला ५० मिमी पाऊस पडला. डांबर-काँक्रीटच्या सेक्टरात त्यातलं ८० टक्के वाहून येतं असं धरू. १०,००,००० चौ.मी. × ०.१५ मी. × ०.८ = १,२०,००० घनमीटर. तलाव ६ हेक्टरचा असेल तर पातळी २ मीटर चढेल. भरती लागण्याआधी तलावात ही २ मीटरची रिकामी जागा होती का, एवढाच खरा प्रश्न.

ती जागा तीन प्रकारे जाते. गाळ साचतो. किंवा झडप गळते आणि पाऊस यायच्या आधी खाडीच तलाव भरून टाकते. किंवा ओहोटीला झडप पुरती उघडत नाही आणि आदल्या भरतीचं पाणी आतच राहतं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिन्हींत फरक दिसत नाही, उपाय मात्र तीन वेगळे आहेत. गाळाबद्दल तर एक गोष्ट हमखास निसटते. झडपेच्या उंबऱ्याखाली, म्हणजे तिच्या तोंडाच्या खालच्या कडेखाली साचलेला गाळ साठवण कमी करत नाही, कारण तिथलं पाणी एरवीही बाहेर जाणार नव्हतं. उंबऱ्याच्या वर चढलेला गाळच जागा खातो. ‘तलावात दीड मीटर गाळ आहे’ या वाक्यावरून म्हणूनच काही ठरत नाही.

पातळी मोजणी, परवानग्या, महाविद्यालयांशी करार, यांतलं ज्यांना जे माहीत आहे त्यांनी तपशील भरावेत.

गेजपट्टी

सुरुवात पातळीच्या पट्टीपासून करा. तलावाच्या आत एक आणि झडपेबाहेर खाडीकडे एक. सेंटीमीटरच्या खुणा असलेल्या एनॅमलच्या १ मीटरच्या पट्ट्या मिळतात, त्या एकाखाली एक अशा काँक्रीटच्या भिंतीला पक्क्या करायच्या. बांबूवर रंगवलेली पट्टी पहिल्या मोठ्या पावसात कलते किंवा गाळात खचते, आणि मग जूनचे आकडे ऑगस्टच्या आकड्यांशी जुळत नाहीत. खाडीकडच्या पट्टीवर शेवाळ आणि कालवं चढतात. ती खरवडण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लावून ठेवा.

दोन्ही पट्ट्यांचं शून्य, झडपेचा उंबरा आणि सेक्टरमधल्या सर्वांत सखल मॅनहोलचं झाकण, या सगळ्यांची पातळी एकाच संदर्भखुणेवरून काढायची. महाविद्यालयाची ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) त्यासाठी पुरेशी आहे. फेरी बंद करायची, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत येऊन वाचन घ्यायचं. चालणारी चूक १२√क मिमी, जिथे क म्हणजे फेरीची लांबी किलोमीटरमध्ये. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीला साधारण ८ मिमी. जास्त आली तर ती चूक सगळ्या आकड्यांत वाटून टाकू नका, फेरी पुन्हा करा. मोबाइलच्या जीपीएसची उंची अजिबात धरू नये. ती काही मीटरने चुकते आणि इथे प्रश्न सेंटीमीटरचा आहे.

घरांच्या जोत्यांसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी उत्तम. फक्त नळीत बुडबुडा राहिला की दोन्ही टोकं वेगवेगळं सांगतात. आधी टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते पाहावं, मगच एक टोक लांब न्यावं.

सगळ्यात मोठा घोटाळा भरतीच्या तक्त्यातून होतो. तक्त्यातली उंची चार्ट डेटमवरून, म्हणजे सागरी नकाशाच्या शून्यावरून असते, नकाशातली सरासरी समुद्रसपाटीवरून. मुंबईत या दोन शून्यांत साधारण अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे ‘४.५ मीटरची भरती’ समुद्रसपाटीपासून २ मीटरच्या आसपास. एकाच अहवालात दोन्ही संदर्भ मिसळले की अभियंता तो पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

खाडीवाट

तक्ता दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराचा असतो हेही लक्षात ठेवा. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर आत शिरते. वाशी, ऐरोली करत कळव्याकडे भरती उशिरा पोचते आणि तिची उंचीही तंतोतंत तीच राहत नाही. बाहेरची पट्टी लागते ती यासाठी.

उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं, अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्री त्याच सुमारास येते. पावसाळ्याच्या महिन्यांत दिवसाची मोठी, हिवाळ्यात रात्रीची. झडपेची तपासणी मे महिन्यात ठेवली तर उजेडात काम होतं.

संशोधक गटांना कळकळीची विनंती: दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या मासेमारी करणाऱ्यांना वाटाडे समजून फुकट नेऊ नका. होडी, डिझेल आणि दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्यापासून लिहा. डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते, त्यामुळे उधाणाचे दिवस कमाईचे असतात, आणि तुमची मोजणीही नेमकी त्याच दिवसांत येते.

विचारायचं ते नेमकं विचारा. पूर्वी होडी कुठवर जायची, आता ओहोटीला कुठे टेकते? कोणत्या बाजूला चिखल आधी चढला? निवट्या, चिंबोऱ्या कुठे मिळेनाशा झाल्या, आणि कोणतं बांधकाम झाल्यानंतर? ‘पर्यावरणाबद्दल तुमचं मत काय’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही. उत्तरं नकाशावर बोट ठेवून घ्यावीत, दोन-तीन जणांकडून वेगवेगळी. मासे मिळण्याच्या जागा मात्र छापील नकाशात नेमक्या दाखवू नका. ती त्यांची पोटापाण्याची माहिती आहे.

जलनोंद

खाडीवाट, धन्यवाद. आता झडपेची ती तपासणी कशी करायची ते लिहितो, कारण सगळ्या वादात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे.

पाऊस नसलेला उधाणाचा दिवस. भरतीच्या ४ तास आधीपासून ४ तास नंतरपर्यंत दोन्ही पट्ट्यांची वाचनं दर १५ मिनिटांनी. प्रत्येक पट्टीजवळ दोन माणसं, घड्याळं आधी जुळवलेली. झडप नीट बसत असेल तर बाहेरची रेषा चढून उतरते आणि आतली जवळपास सपाट राहते. आतली चढली तर गळती = तलावाचं क्षेत्रफळ × चढ ÷ वेळ. ६ हेक्टरच्या तलावात ३ तासांत २० सेंमी चढ म्हणजे १२,००० घनमीटर, सेकंदाला १.१ घनमीटर. वरच्या उदाहरणातल्या साठवणीचा दहावा हिस्सा पावसाचा थेंब पडायच्या आधी गेला.

पण चढलेलं पाणी खाडीचंच कशावरून? नाल्यांतून सांडपाणीही येत असतं. त्यासाठी विद्युतवाहकता मोजायची. समुद्राच्या पाण्याची सुमारे ५० मिलिसीमेन्स प्रति सेंमी, सांडपाण्याची १ ते २. मे महिन्यातलं खाडीचं पाणी समुद्राच्या आकड्याजवळ असतं, त्यामुळे फरक लगेच कळतो. झडपेजवळ, तलावाच्या मध्यावर आणि नाल्याच्या तोंडाशी, भरतीआधी आणि नंतर मोजा. खारं पाणी जड, ते तळाशी जातं. म्हणून प्रत्येक जागी एक नमुना वरचा आणि एक तळाजवळचा. फक्त वरचा घेतला तर गळती असूनही दिसणार नाही.

ओहोटीकडेही तितकंच लक्ष द्या. बाहेरची पातळी आतल्याहून खाली गेल्यावर आतली रेषा लगेच उतरू लागते का? उशीर होत असेल तर बाहेरच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा आहे किंवा बिजागरी गंजली आहे. झडप न मिटण्यामागे बहुतेकदा उंबऱ्यावर अडकलेलं प्लास्टिक, लाकूड, थर्माकोल असतं. नाहीतर बसणीवर वाढलेली कालवं किंवा कडक झालेलं रबर. पहिलं आठवड्याच्या सफाईने जातं, बाकीच्यांना निविदा लागते. अहवालात ही वेगवेगळी लिहा, कारण ती वेगवेगळ्या टेबलांवर जातात.

दाबावरून पातळी आपोआप नोंदवणारा लॉगर पाण्यात सोडणार असाल तर दुसरा हवेत ठेवा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की नोंदीत जवळजवळ १ सेंमी पाण्याचा फरक पडतो. कमी दाबाचं क्षेत्र आलं की ८-१० सेंमीची खोटी घट दिसते, तीही नेमक्या मुसळधार पावसाच्या दिवशी.

तिवरवन

तपासणी योग्य आहे, पण ‘गळती शून्य’ हे ध्येय ठेवू नका. झडपेतून खारं पाणी येत-जात राहिलं म्हणून तर तलावात तिवर वाढली. ये-जा पूर्ण थांबली की पाणी साचतं, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दिवसचे दिवस बुडून राहतात, झाडं मरतात आणि त्यांच्या जागी पाणकणीस घुसतं. मग साठवण आणखी कमी होते. नेरूळचा डीपीएस तलाव धारण तलाव नव्हे, पण भरतीच्या पाण्याची वाट अडली की काय होतं ते तिथे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. तलाव सुकत गेला आणि फ्लेमिंगोंची उतरण्याची जागा गेली.

खरा प्रश्न हंगामी आहे. ऑक्टोबर ते मे पाण्याची ये-जा चालू ठेवायची आणि जून ते सप्टेंबरमध्ये मोठी भरती व मोठा पाऊस एकत्र येतील त्या दिवशी बंद करायची, तर झडपेसोबत हाताने चालवायचा सरकता दरवाजा लागतो आणि तो चालवणारा माणूस लागतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे नेमकं काम आहे. श्वसनमुळांच्या टोकांची पातळी गेजपट्टी यांनी सांगितलेल्या त्याच संदर्भखुणेवरून काढा. म्हणजे तलावाच्या कोणत्या पातळीला मुळं किती तास बुडतात हे आलेखावरूनच वाचता येईल, आणि झडप किती तास बंद ठेवावी यावर अभियंत्याशी एका भाषेत बोलता येईल.

परवानगीबद्दल. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची तरी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मोजणीसाठी वाट करायला फांदीसुद्धा तोडू नका. पाण्याच्या मोकळ्या वाटांनीच जा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ पासून ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करा, आणि तोही हंगामाच्या बराच आधी. ड्रोनचा हट्ट सोडलेला बरा. पक्षी उठतात, शिवाय जवळच्या विमानतळामुळे त्यावर वेगळी बंधनं आहेत.

सेक्टर_सचिव

सोसायट्यांच्या बाजूची अडचण मांडतो. ‘आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी येतं’ असं नकाशावर कायमचं आलं तर फ्लॅटच्या किमती पडतील, या भीतीने सभासद नोंदी द्यायला तयार होत नाहीत. दुसरं, व्हॉट्सअॅपवर शेकडो फोटो जमतात पण संशोधक म्हणतात ते वापरता येत नाहीत. का?

गेजपट्टी

@सेक्टर_सचिव, फोटो वापरता येत नाहीत त्याची दोन कारणं. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याला जोडलेली वेळ आणि ठिकाण पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. दुसरं, पाण्याजवळ उंची माहीत असलेली वस्तू फोटोत नसते. उन्हाळ्यात सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर दर १० सेंमीला रंगाची आडवी खूण करून ठेवा आणि त्या खुणांची पातळी फेरीत घ्या. मग प्रत्येक फोटो हे एक मोजमाप होतं. विजेचे खांब आणि डीपी बॉक्स यांवर खुणा नकोत. पाण्यात त्यांच्या जवळ जाण्याचं कारणच उरू नये. फोटो जिन्यातून किंवा गॅलरीतून घ्यावा. तुंबलेल्या पाण्यात उतरायचं नाही. उघडं मॅनहोल दिसत नाही आणि लेप्टो तापाचा धोका वेगळाच.

किमतींची भीती खरी आहे आणि ती उडवून लावू नये. उपाय असा की इमारतीनिहाय नोंद फक्त सोसायटी आणि संशोधक यांच्याकडे राहील, बाहेर जाणारा नकाशा गल्लीच्या पातळीचा असेल, आणि हे संमतिपत्रात मराठीत लिहिलेलं असेल.

पाऊसमाप

पावसाचा भाग राहिला. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर ‘जोरदार’ पाऊस धरतात. आपल्या कामाला तो आकडा अपुरा आहे. सेक्टरच्या नाल्यात पाणी १५ ते ३० मिनिटांत पोचतं, म्हणून पाऊसही दर १५ मिनिटांचा हवा. ७० मिमी दिवसभर पडला तर काही होत नाही, दीड तासात पडला तर होतं.

टिपिंग बकेट पद्धतीचा (भरलं की कलणाऱ्या छोट्या पात्राचा) मापक असेल तर उत्तम, पण तो अतिमुसळधार पावसात कमी दाखवतो, म्हणून शेजारी साधा मापक ठेवून दिवसाची बेरीज ताडून पाहा. साध्यासाठी १० सेंमी व्यासाचं नरसाळं आणि खाली बाटली. तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौ.सेंमी, म्हणजे १० मिमी पावसाला ७८.५ मिली पाणी. २ लिटरची बाटली २५० मिमीला भरते. आजूबाजूच्या भिंतीच्या वा झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा. गच्चीच्या कठड्याला टेकून ठेवलेला मापक वाऱ्यामुळे हमखास कमी पाणी धरतो. नरसाळ्यात पान किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली तर पाऊस थांबल्यानंतरही बाटलीत पाणी येत राहतं आणि आलेख पुढे सरकतो.

डोंगराच्या बाजूला आणि खाडीच्या बाजूला पाऊस सारखा नसतो. बेलापूर किंवा घणसोलीसारख्या नोडला किमान दोन मापक हवेत, एक डोंगराकडे आणि एक खाडीकडे.

माहितीअर्ज

मोजायच्या आधी कागद मागवा. माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘तलावाबद्दल सर्व माहिती द्या’ असा अर्ज परत येतो किंवा ढीगभर बिनकामाची पानं मिळतात. नेमकं मागा: झडपेच्या उंबऱ्याची पातळी, तळाची संकल्पित पातळी, पाणलोटाचा नकाशा, झडप दुरुस्तीचे कार्यादेश, आणि गाळ काढला असेल तर मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं. कलम २(ञ) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. लोकांना हे फारसं ठाऊक नसतं.

अर्ज कुणाकडे, हेही आधी पाहा. तलाव बांधले सिडकोने. आज देखभाल नवी मुंबई महापालिकेकडे असू शकते, आणि तिवरांची जमीन वन विभागाकडे. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. जुने संकल्पचित्र बऱ्याचदा एकाकडे आणि दुरुस्तीची कागदपत्रं दुसऱ्याकडे असतात, म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज टाका.

स्थापत्य_अध्यापक

महाविद्यालयाच्या बाजूने सांगायचं तर सर्वांत मोठा अडथळा वेळापत्रकाचा. विद्यार्थ्याचा प्रकल्प ठरतो तोवर निम्मा पावसाळा गेलेला असतो, आणि पुढचा पावसाळा येतो तेव्हा तो उत्तीर्ण होऊन गेलेला असतो. म्हणून प्रकल्प डिसेंबरमध्ये ठरवावा. जानेवारीत कागद आणि परवानग्या, मार्चमध्ये पातळी मोजणी, एप्रिल-मेमध्ये गाळ आणि झडप, मेअखेर मापक जागेवर. पावसाळ्यातल्या नोंदी रहिवासी ठेवतील, विश्लेषण नवी तुकडी करेल. तलाव एका विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता विभागाच्या नावावर ठेवा. मार्गदर्शक अध्यापक तेच राहतात.

कराराला वकील लागत नाही, दोन पानं पुरतात. त्यात निर्णयाचं ते वाक्य. कच्च्या नोंदींची प्रत दर महिन्याला सोसायटी महासंघाला आणि गावाला. प्रसिद्ध करण्याआधी १५ दिवस मसुदा वाचायला, तोही मराठी सारांशासह. नोंदी ठेवणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार श्रेयात. उपकरणं प्रकल्पानंतर कुणाकडे राहतील ते. आणि एक कलम आवर्जून: निष्कर्ष कुणाच्या मागणीविरुद्ध गेला तरी तो दडवला जाणार नाही. मोजणीत गाळ निर्दोष निघाला तर गाळाची मागणी करणाऱ्यांनी ते मान्य करायचं, गाळच दोषी निघाला तर तिवरांसाठी झगडणाऱ्यांनीही.

कोपरीकर

ठाण्याच्या तलावांना हे लागू होतं का? मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी?

जलनोंद

@कोपरीकर, पातळीचा भाग नाही, कारण त्या तलावांना भरती-ओहोटी नाही. तिथला निर्णय बहुतेकदा सांडपाणी आणि प्राणवायूचा असतो. चूक होते ती वेळेची. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असतं, त्यामुळे प्रदूषित तलावही उत्तम दिसतो. ३० अंशाला पाण्यात साधारण ७.५ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो. दुपारी १२ आला तर ते शेवाळ माजल्याचं लक्षण, आरोग्याचं नव्हे. नमुना सूर्योदयाआधी घ्या. मासे मरतात ते याच वेळी, विशेषतः ढगाळ दिवसानंतर. प्रयोगशाळेत नेईपर्यंत आकडा बदलतो, म्हणून बाटली बुडबुडा न ठेवता भरून प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीची पहिली दोन रसायनं काठावरच घालायची. आंघोळीच्या पाण्याचा निकष प्राणवायू किमान ५ आणि बीओडी (घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. नमुने कारंज्याजवळ नकोत. पावसाळी गटार जिथे मिळतं तिथे एक हवाच. पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुना त्याच जागी पुन्हा घ्या.

कोपरी, कळवा या खाडीकाठच्या नाल्यांना मात्र पट्टीची पद्धत जशीच्या तशी लागू आहे. तिथे तलाव नाही, भरतीचं पाणी थेट नाल्यात मागे चढतं. पट्टी नाल्याच्या तोंडाशी एक आणि वस्तीजवळ एक लावा.

गाळमाप

गाळ कसा मोजायचा ते कुणी लिहिलं नाही म्हणून. १२ मिमीची सळई, दर १० सेंमीला खूण, आणि दोरीला बांधलेली २० सेंमी व्यासाची जड चकती. चकती टेकते तो गाळाचा माथा, सळई दाबून जिथे थांबते तो कठीण तळ. चकती सगळीकडे तीच वापरा, कारण मऊ चिखलात वजन बदललं की माथा बदलतो. २५ मीटरच्या चौकटीत बिंदू घेतले तर ६ हेक्टरला ९६ बिंदू होतात. दाट तिवरांतले सोडावे लागतील, ते सोडले असं लिहा. भांगाच्या दिवशी पाणी स्थिर असताना करा आणि सुरुवातीला व शेवटी पट्टीचं वाचन घ्या. गाळमाथ्याची पातळी = पाण्याची पातळी वजा चकतीची खोली. ज्या बिंदूवर ती उंबऱ्याहून वर आहे तेवढाच फरक घेऊन ६२५ चौ.मी.ने गुणायचा आणि बेरीज करायची. गेलेली साठवण हीच.

एक अपवाद. नाल्याचं तोंडच गाळाने बुजलं असेल तर तलावात कितीही जागा असली तरी पाणी तिथवर पोचत नाही. त्या तोंडांच्या पातळ्या आणि बुजलेला भाग वेगळा मोजा. बऱ्याच ठिकाणी ही तोंडं तिवरांपासून दूर असतात. ती मोकळी करण्याचं काम खारफुटी आणि तिचा ५० मीटरचा पट्टा सोडून करता येत असेल तर ते इतर वादांत अडकवू नये.

जलनोंद

गाळमाप, हे फार मोलाचं. शेवटी हे सगळं विभागात कसं द्यायचं त्याबद्दल. पन्नास पानी अहवाल सोबत असू द्या, पण वर एकच पान. त्यावर एका पावसाच्या दिवसाचा आलेख: वरून १५ मिनिटांचा पाऊस, खाली खाडीची आणि तलावाची रेषा, आणि दोन आडव्या रेघा, उंबऱ्याची आणि सर्वांत सखल मॅनहोलच्या झाकणाची. खाली तीन आकडे घनमीटरमध्ये: गाळाने गेलेली जागा, गळतीने गेलेली, न उघडण्याने गेलेली. पान डिसेंबरमध्ये द्या, कारण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव तेव्हा चालू असते. मेमध्ये दिलं तर फक्त नालेसफाईत जमा होतं. आवक क्रमांक घ्या आणि त्याच पानाची प्रत गावात आणि सोसायट्यांच्या फलकावर लावा.

बेलापूर आणि वाशीच्या ज्या सदस्यांना या डिसेंबरपासून सुरुवात करायची आहे त्यांनी खाली तलावाचं नाव आणि जवळचा सेक्टर लिहावा. माहिती अधिकाराच्या अर्जाचा आणि दोन पानी कराराचा मराठी मसुदा पुढच्या प्रतिसादात टाकतो.